मुंबईत खरेदीला जाताना : कोणत्या बाजारासाठी कोणते स्टेशन, कोणती बाजू आणि कोणता पूल?

मुंबईत कोणती वस्तू कुठे स्वस्त मिळते हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. लग्नाचा बस्ता हिंदमाताला, फुले दादरला, मसाले आणि सुकामेवा मशीद बंदरला, बांगड्या आणि इमिटेशनचे दागिने भुलेश्वरला, विजेचे सामान लोहार चाळीत. अडचण येते ती तिथवर पोहोचण्यात आणि सामान घेऊन घरी परतण्यात. बाजारात घासाघीस करून वाचवलेले शंभर रुपये येताना टॅक्सीवाल्याच्या हातात जातात. हौसेने खरेदी करणाऱ्याचे त्याने फार बिघडत नाही. पण गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, कल्याण, उल्हासनगरच्या वस्त्यांतून दर आठवड्याला दक्षिण मुंबईत येऊन, डझनाच्या भावाने माल घेऊन, तो आपल्या गल्लीत सुटा विकणाऱ्या बाईचे सगळे गणितच त्या शंभर रुपयांवर असते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

लोकलचे भाडे आजही देशातल्या सर्वांत स्वस्त प्रवासांपैकी एक आहे. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आहे. ठाण्याहून सीएसएमटी १५ रुपयांत आणि कल्याणहून २० रुपयांत गाठता येते. म्हणजे पन्नास किलोमीटरसाठी वीस रुपये. आणि स्टेशनबाहेर पडून टॅक्सीत बसलात, तर पहिल्या दीड किलोमीटरलाच ३१ रुपये. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे हेच आहे. रिक्षाचे २६ रुपये. दक्षिण मुंबईत, माहीम आणि शीवच्या पुढे, रिक्षा चालतच नाही, हे बाहेरून आलेल्या माणसाला स्टेशनबाहेर उभे राहिल्यावर कळते. त्यामुळे मुंबईत बाजाराचा खर्च आगगाडी ठरवत नाही, स्टेशनबाहेरचा शेवटचा एक किलोमीटर ठरवतो. योग्य स्टेशनावर, योग्य बाजूला उतरलात तर तो किलोमीटर चालून होतो. चुकलात तर तोच सगळ्यात महाग पडतो.

आधी रेल्वेचा नकाशा डोक्यात ठेवा

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि रेल्वेही तशीच धावते. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते आणि बोरिवली, विरारकडे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याणकडे जाते. हार्बरही सीएसएमटीहूनच निघते, पण मशीद, सँडहर्स्ट रोडनंतर डॉकयार्ड, वडाळा असा वेगळा रस्ता धरून कुर्ल्याला येते आणि पुढे चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, वाशी, पनवेल असे जाते. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मुख्य मार्गांना जोडणारे मोठे स्टेशन म्हणजे दादर.

प्रत्येक स्टेशनाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत आणि मुंबईकर पत्ता सांगताना आधी बाजू सांगतो. उपनगरांत जुना बाजार बहुधा पश्चिमेला असतो. दादर, वांद्रे, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, सगळीकडे हेच. म्हणून लोकांच्या डोक्यात ‘बाजार म्हणजे वेस्ट’ असे पक्के बसलेले असते. पण मरीन लाइन्स आणि चर्नी रोडला पश्चिमेला बाहेर पडलात तर समोर समुद्र लागतो. तिथला सगळा बाजार पूर्वेला आहे. दोन बाजूंमध्ये रूळ असतात आणि रूळ ओलांडायला पूल. चुकीच्या बाजूने उतरून पुन्हा पूल चढणे हे रिकाम्या हाताने एक वेळ चालते, दहा किलोचे बोचके घेऊन चालत नाही. म्हणून गाडीत असतानाच विचारून घ्यावे. पहिला डबा की मधला, पुढचा पूल की मागचा. मुंबईच्या लोकलमध्ये या प्रश्नाला एकाच वेळी चार माणसे उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा चौघांचे उत्तर एकच असते.

पूल ही साधी सोयीची गोष्ट नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर सकाळच्या पावसात माणसे अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन ही स्टेशने शेजारीशेजारी, आणि दोन्हीकडची गर्दी त्या एका पुलावर. त्यानंतर लष्कराच्या मदतीने नवा पादचारी पूल झाला आणि पुढच्या वर्षी स्टेशनचे नावही प्रभादेवी झाले. सणाच्या आदल्या दिवशी, त्यातून पाऊस पडत असेल तर, पुलाच्या तोंडाशी थांबणारी माणसे दिसली की गर्दीत घुसू नये. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बहुधा आणखी एक पूल असतो.

मशीद, क्रॉफर्ड मार्केट आणि भुलेश्वर

मुंबईचा खरा घाऊक बाजार हा. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ ची. तिच्या आजूबाजूला मंगलदास मार्केटात कापड, अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरी आणि भेटवस्तू, लोहार चाळीत विजेचे सामान, झवेरी बाजारात सोने-चांदी, आणखी पुढे भुलेश्वर. पूर्वेकडे रुळांच्या बाजूला सरकलात की सुकामेवा, खजूर, मसाले, प्लास्टिक, खेळणी. हे सगळे एकमेकांना चिकटून आहे. एकदा आत शिरल्यावर कुठे एक बाजार संपला आणि दुसरा लागला हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

इथे यायला तीन स्टेशने आहेत आणि कोणते निवडायचे ते खरेदीवर ठरते. मसाला, सुकामेवा, प्लास्टिक घ्यायचे असेल तर मशीद. क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास, अब्दुल रहमान स्ट्रीट यांसाठी सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटे किंवा मशीदहून तेवढेच. भुलेश्वर आणि काळबादेवीसाठी पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडला उतरून पूर्वेला चालावे.

मशीदची एक गोष्ट दरवेळी कुणा ना कुणाला फसवते. मध्य रेल्वेची फास्ट लोकल तिथे थांबत नाही. दादर, भायखळा आणि मग थेट सीएसएमटी. कल्याण-डोंबिवलीहून फास्टने येणाऱ्याने दादरला किंवा भायखळ्याला उतरून स्लो धरावी, नाहीतर सरळ सीएसएमटीला उतरून मागे चालत यावे. मला विचाराल तर दुसरा मार्ग बरा. गाडी बदलताना जेवढा वेळ जातो तेवढ्यात चालून होते. हार्बरवरून येणाऱ्यांना मात्र हा त्रास नाही. पनवेल, मानखुर्द, गोवंडी, चेंबूरहून निघालेली सीएसएमटीची लोकल मशीदला थांबते. त्या भागातल्या विक्रेत्या बायकांनी हा बाजार धरून ठेवला आहे त्याचे एक कारण हेच असावे.

आता मेट्रो-३. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. भाडे १० ते ७० रुपये. तिच्यावर सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड अशी नावे वाचून बाजार आता दारात आला असे वाटते. पण काळबादेवी स्टेशन काळबादेवी रोडवर नाही, ते जगन्नाथ शंकरशेट मार्गावर, चिराबाजाराच्या बाजूला आहे. तिथून भुलेश्वरला चालावेच लागते, जसे मरीन लाइन्सहून लागत होते. मेट्रोचा फायदा वेगळ्यांना आहे. मरोळ, सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी या भागांतून आजवर दक्षिण मुंबईला येताना गाडी किंवा बस बदलावी लागे. आता बसल्या जागी येता येते, लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा लेकरू कडेवर असलेल्या आईला त्या जिन्याची किंमत तिकिटापेक्षा जास्त आहे. पण ज्याच्या घराजवळ लोकल आहे आणि ज्याचा नफा पाच-पाच रुपयांत मोजला जातो, त्याला मेट्रोचे तिकीट परवडत नाही. मेट्रो आली म्हणून लोकलचे आणि बसचे प्रश्न मागे पडू नयेत.

दादर : दोन बाजू, दोन जगे

दादरला पश्चिमेला उतरलात की पुलाखालीच फुलबाजार. पहाटे तो भरात असतो. दिवस वर आला की भाव आणि फुले दोन्ही उतरतात. पुढे रानडे रोड, डी. एल. वैद्य रोड, छबिलदासची गल्ली. साड्या, भांडी, पूजेपासून शाळेपर्यंतचे सामान, कपडे. दादरची बरीच दुकाने सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. फेरीवाले त्या दिवशीही बसलेले असतात, पण बस्त्यासाठी गेलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो.

पूर्वेला दादर टीटी आणि तिथून परळच्या दिशेने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हिंदमाता. साड्या, ड्रेस मटेरियल, लग्नाचे कपडे. नकाशात पाहिले तर परळ स्टेशनही जवळ वाटते; पण परळला फास्ट गाड्या सहसा थांबत नाहीत. लांबून येणाऱ्याने दादरला उतरून पूर्वेकडून चालत जावे किंवा आंबेडकर मार्गावरची कोणतीही परळकडे जाणारी बस घ्यावी. जोराच्या पावसात मात्र हिंदमाताला जाऊच नये. मुंबईत पाणी तुंबल्याची बातमी आली की त्यात पहिले नाव या चौकाचे असते.

दादरच्या फलाटांचा घोळ डिसेंबर २०२३ मध्ये मिटला. त्याआधी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट दोन्हीकडे एकपासून मोजले जात, त्यामुळे ‘एक नंबरवर ये’ म्हटले की माणूस भलतीकडेच उभा. आता १ ते ७ पश्चिम रेल्वे आणि ८ ते १४ मध्य रेल्वे. जुने लोक अजून जुनेच क्रमांक सांगतात, एवढे ध्यानात ठेवून विचारावे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची दादरशी ओळख ६ डिसेंबरमुळे असते. चैत्यभूमी पश्चिमेला, शिवाजी पार्कच्या पलीकडे समुद्राकाठी. राजगृह पूर्वेला, हिंदू कॉलनीत. दोन्ही दादर स्टेशनहून चालण्याच्या अंतरावर आहेत. बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत जिथे राहिले ती परळची बीआयटी चाळ पोयबावडीजवळ आहे, म्हणजे हिंदमाताहून पुढे. ज्यांना त्या दिवसाच्या गर्दीबाहेर, सवडीने ही ठिकाणे पाहायची आहेत आणि खरेदीही करायची आहे, त्यांनी इतर कोणत्या तरी वारी सकाळी यावे. राजगृह, हिंदमाता, बीआयटी चाळ ही एकाच बाजूची ठिकाणे एका फेरीत पायी होतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर भरणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलांसाठी येणाऱ्यांना एकच सांगणे. पुस्तके जड असतात. ती परतीच्या वेळी, अगदी शेवटी घ्यावीत, आणि दादरच्या पुलावर चढण्याऐवजी शक्य असेल तर माटुंगा रोड किंवा प्रभादेवीपर्यंत चालत जाऊन पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घ्यावी.

बाकी बाजार थोडक्यात

चर्चगेट म्हणजे फॅशन स्ट्रीट. आझाद मैदानाच्या कडेने चालत. ग्रँट रोड पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, आणि त्याहून पुढे चोर बाजार. चोर बाजारातली दुकाने शुक्रवारी बंद असतात. वांद्र्याला लिंकिंग रोड आणि हिल रोड पश्चिमेला; तिथे स्टेशनबाहेरून बस मिळते आणि चालतही जाता येते. धारावीच्या चामड्याच्या वस्तूंसाठी शीव किंवा माहीम, आणि आता मेट्रो-३ चे धारावी स्टेशनही आहे. घाटकोपर ते अंधेरी असा पूर्व-पश्चिम प्रवास करायचा असेल तर दादरला जाऊन उलटे येण्याचे कारण २०१४ पासून उरलेले नाही. मेट्रो-१ दोन्ही स्टेशनांना पुलाने जोडलेली आहे.

उल्हासनगरचा वेगळा विचार करावा लागतो. जीन्स, कापड, फर्निचर यांसाठी लोक दुरून येतात आणि चुकीच्या गाडीत बसतात. कल्याणनंतर मार्ग दुभागतो. विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्टेशने कर्जतच्या फाट्यावर, तर शहाड कसाऱ्याच्या फाट्यावर. म्हणजे बदलापूर, अंबरनाथ, कर्जत लोकल एकीकडे आणि टिटवाळा, आसनगाव, कसारा दुसरीकडे. कुठल्या कॅम्पात जायचे ते दुकानदाराला फोनवर आधी विचारावे आणि मग स्टेशन ठरवावे. कॅम्प ४ साठी विठ्ठलवाडी सोयीचे.

धान्य, मसाला, कांदा-बटाटा, फळे घाऊक घ्यायची तर आता दक्षिण मुंबईत नव्हे, नवी मुंबईत. कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार वाशी आणि तुर्भे यांच्या मधे पसरले आहे. ठाण्याहून येणाऱ्याला ट्रान्स-हार्बरचे तुर्भे, मुंबईहून येणाऱ्याला हार्बरचे वाशी किंवा सानपाडा. चार-पाच घरांनी मिळून वर्षाचा मसाला किंवा धान्य आणले, तर परतीचा टेम्पो वाटून घेता येतो. एका घराने जाऊन काही वाचत नाही.

बस का महत्त्वाची आहे

जिथे चालणे शक्य नाही तिथे बेस्ट. जुलै २०१९ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ रुपये होते. मे २०२५ मध्ये ते अनुक्रमे १० आणि १२ झाले. पाच किलोमीटरपर्यंत हे भाडे; पुढे दहा किलोमीटरपर्यंत साध्या बसला १५ आणि वातानुकूलित बसला २०. रकमा लहान दिसतात. पण मांडून बघा. गोवंडीची बाई घरापासून स्टेशनपर्यंत बसने जाते, स्टेशनवरून मशीदला लोकलने, आणि परत तशीच येते. आधी बसचे जाऊन-येऊन १० रुपये होते, आता २०. तिचे लोकलचे तिकीट एका वेळचे दहा-पंधरा रुपये आहे. म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंतचा दोन किलोमीटरचा प्रवास आता वीस किलोमीटरच्या लोकलच्या बरोबरीला आला. महिन्यातून चार-पाच खेपा, वर्षभर. हिशेब तिने केव्हाच केला आहे, म्हणून ती आता स्टेशनपर्यंत चालते.

भाडेवाढीपेक्षा मोठा प्रश्न गाड्यांचा आहे. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर बस होत्या. आज तीन हजारांच्या आत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कंत्राटदारांच्या आहेत. बस कमी झाली की वाट पाहणे वाढते, आणि हातात सामान असलेला माणूस अर्धा तास वाट पाहून शेवटी टॅक्सी करतो. भर म्हणून पूल बंद. शीव स्टेशनवरचा रस्ता-पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये. हे पूल शंभर वर्षांहून जुने होते, ते बदलणे गरजेचेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पुलांवरून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बसला वळसा पडला, आणि वळशात गेलेला वेळ कोणाच्या अहवालात मोजला जात नाही. अशा ठिकाणी आपला नेहमीचा बस क्रमांक आजही त्याच रस्त्याने जातो का, हे वाहकाला विचारूनच चढावे. बस कुठवर आली आहे हे चलो अ‍ॅपवर दिसते. घरात एखाद्या मुलाकडे स्मार्टफोन असेल तर निघण्यापूर्वी त्याच्याकडून बघून घ्यावे.

नगरसेवकाकडे, बेस्टच्या आगारात, वॉर्ड ऑफिसात आपण पाण्यासाठी, गटारासाठी जातो. वस्तीतून स्टेशनला जाणारी बस किती मिनिटांनी येते यासाठी निवेदन घेऊन गेलेले मंडळ मात्र क्वचितच दिसते. महिला मंडळांनी आठवडाभर थांब्यावर वही ठेवून बसच्या वेळा लिहिल्या, तर ते निवेदन नुसत्या तक्रारीपेक्षा जड ठरेल.

वार, वेळ आणि सामान

रविवार खरेदीचा वार असला तरी लोकलसाठी वाईट. मध्य आणि हार्बरवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, पश्चिमेला जम्बो ब्लॉक. साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी चार. काही गाड्या रद्द, काही दुसऱ्या मार्गावर वळवलेल्या. शनिवारी संध्याकाळी बातम्यांत त्याचे वेळापत्रक येते, ते पाहावे. शिवाय दक्षिण मुंबईचा घाऊक बाजार रविवारी बहुतांश बंदच असतो, त्यामुळे घाऊक खरेदीला मंगळवार ते शुक्रवार चांगले. सकाळी आठ ते अकरा उपनगरांतून दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेला उभे राहायलाही जागा नसते. साडेअकराच्या सुमारास निघावे, चारच्या आत परतीची गाडी धरावी. शाळेतून मुले यायच्या आत घर गाठायचे असते त्या बायका हे वेळापत्रक कुणी न सांगता पाळतात.

तिकिटासाठी रांग टाळायची तर रेलवन अ‍ॅप किंवा स्टेशनवरचे यंत्र. अ‍ॅप चालत नसेल तर निघतानाच परतीचेही तिकीट काढून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी सामान घेऊन खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही.

सामान जास्त असेल तर लगेजचा डबा. लोकलला असे डबे असतात. फलाटावर त्यांची जागा खुणेने दाखवलेली असते आणि हमालांना, भाजीवाल्यांना ती तोंडपाठ असते. महिला डब्यात मोठे बोचके घेऊन चढले की भांडण ठरलेले. ठरावीक वजनापुढच्या सामानाला वेगळे तिकीट लागते, त्यामुळे नेहमी माल नेणाऱ्यांनी स्टेशनच्या लगेज खिडकीवर एकदा नीट विचारून घ्यावे. एक मोठे बोचके करण्यापेक्षा दोन मध्यम पिशव्या बऱ्या, दोन्ही हातांना वजन सारखे येते आणि पुलावर कठड्याला धरायला एक पिशवी खांद्यावर टाकता येते. काचेच्या बांगड्या मधोमध, कपड्यांच्या घडीत.

संध्याकाळी उशीर झालाच, तर मशीदच्या फलाटावर भरलेल्या गाडीत शिरण्याचा प्रयत्न करू नये. तिथून सीएसएमटीपर्यंत चालत जाऊन तिथूनच सुटणारी रिकामी लोकल धरावी. काही जण मशीदला उलट्या दिशेच्या गाडीत चढून सीएसएमटीला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. त्यासाठी तिकीट सीएसएमटीपासूनचे हवे, मशीदपासूनचे चालत नाही आणि तपासनीस नेमके हेच पाहतो. कल्याणच्या पुढे जाणाऱ्यांनी इंडिकेटरवर शेवटचे स्टेशन नीट वाचावे. उल्हासनगरला जायचे असेल तर पाटीवर अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत; टिटवाळा किंवा कसारा दिसले तर ती गाडी सोडून द्यावी, मागून दुसरी येतच असते.